वरचे तीन इंच

ज्ञानू मास्तरांनी माझा चेहरा पहिल्यांदा पाहिला, तेव्हा आमची ओळख होऊन दोन वर्षं उलटली होती. तोही त्यांनी आपणहून पाहिला नाही. माझ्या डोळ्याला रांजणवाडी आली होती आणि त्यांच्या दुकानाशेजारी मासळीची पाटी घेऊन बसणाऱ्या नवापूरच्या चंद्रीबाईने त्यांना दटावलं, "अरं मास्तर, वर बग जरा, ताईचा डोला केवडा सुजलाय." मास्तरांनी मान वर केली, क्षणभर पाहिलं, "अस्सं. म्हंजे तुमी अशा दिसता व्हय," म्हणाले आणि पुन्हा माझ्या सँडलमध्ये डोकं घातलं.

माणसं त्यांना पायांवरून ठाऊक असत. मी 'पाच नंबर ताई'. कॉलनीतल्या एका साहेबांची बायको 'साडेसहा नंबर'. नाव सांगितलं तरी त्यांच्या लक्षात राहत नसे, पण चप्पल उलटी करून झीज बघितली की तुमची सगळी कुंडली बाहेर. उजवी टाच बाहेरून झिजलीय, म्हणजे त्या खांद्याला जड पर्स लटकवता. चवड्याला खड्डा पडलाय, म्हणजे रोज गाडी पकडायला धावता, घरून लवकर निघत जा. हे सगळं ते चारचौघांत सांगत आणि ते खरं असे, म्हणून जास्त राग येई.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. बोईसर स्टेशनातून बाहेर पडून तारापूर रस्त्याला लागलं की डाव्या हाताला त्यांचं पत्र्याचं दुकान, आणि वर लाल अक्षरांत पाटी: 'पेन्सिल हील स्पेशालिस्ट'. ही पाटी वाचून बाहेरगावचा माणूस थबकायचाच. चार महिने गुडघाभर चिखल आणि आठ महिने ट्रकची धूळ, अशा गावात पेन्सिल हील घालणार कोण? कारखान्यातल्या पुरुषांच्या पायात जाडजूड बूट, बेटेगावकडून येणाऱ्यांच्या पायात साध्या वहाणा, नवापूरच्या कोळणी अनवाणी. उरलो आम्ही ऑफिसातल्या चार पोरी, शाळेतल्या दोन बाई आणि कॉलनीतल्या साहेबांच्या बायका. एवढ्यांवर मास्तरांनी पाटी रंगवली होती. मी एकदा म्हटलं, "मास्तर, चप्पल-दुरुस्ती असं लिहा की, गिऱ्हाईक वाढेल." त्यावर ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मूळचे ते कोल्हापूरकडचे. वडील चपला करायचे, भाकरीसारख्या सपाट आणि वीस वर्षं टिकणाऱ्या. मास्तर ऐन उमेदीत मुंबईला एका लेडीज सँडलच्या कारखान्यात लागले, तिथे त्यांनी पहिली पेन्सिल हील पाहिली आणि, त्यांच्या वडिलांच्या शब्दांत, पोरगं हातचं गेलं. पुढे मेहुणा इथल्या एमआयडीसीत लागला म्हणून तेही बोईसरला आले. बायको लवकर गेली. मागे एकच मुलगी, लता.

माझी त्यांची ओळख पडण्यातूनच झाली. मला एका केमिकल कंपनीत टेलिफोनवर बसायची आणि आल्यागेल्याचं स्वागत करायची नोकरी लागली होती. स्वागत करणारीने उंच दिसावं असं मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मीच मुंबईहून साडेतीन इंची सँडल आणल्या. तिसऱ्या दिवशी साहेबांच्या पाहुण्यांसमोर अशी काही आपटले की स्वागत त्यांनीच माझं केलं. लंगडत, सँडल हातात घेऊन मास्तरांकडे गेले. फार लागलं का, हे विचारण्याची त्यांची पद्धत नव्हती. त्यांनी सँडल फळीवर ठेवली, एका बोटाने दाबली. ती मागे डुलली.

"ही टाच तुमच्या टाचंखाली न्हाईच," ते म्हणाले. "ही मागं ऱ्हायलीय. वरातीत मागं ऱ्हायलेल्या पावण्यासारखी."

मग त्यांनी मला उभं केलं. त्यांच्याकडे गवंड्याचा ओळंबा होता, दोरीला पितळी वजन लावलेला. तो त्यांनी माझ्या पोटरीमागून सोडला, जमिनीवर खडूने खूण केली आणि सांगितलं की माणसाचा भार टाचेच्या मागच्या टोकावर येत नाही, आतल्या हाडावर येतो. टाच त्या हाडाखाली आली पाहिजे. मागे गेली तर पाय मध्ये खचतो, फार पुढे आली तर माणूस उताणा. पण नुसती आत घेतली की पाय जात्यासारखा बसका दिसतो आणि बायका सँडल परत करतात. म्हणून खरं कसब तिथे. मागची रेघ पायाच्या टोकापासूनच सुरू करायची आणि खाली येता येता हळूच आत वळवायची. "दिसायला मागं, सोसायला आत," हे त्यांचं वाक्य. दिवसातून पाच वेळा म्हणत. मी लग्नाची होते त्या वयात हे वाक्य मला फक्त सँडलबद्दलचं वाटत असे.

उंचीचं मापही ते तसंच काढत. लाकडाच्या अर्ध्या अर्ध्या इंचाच्या चकत्या होत्या. गिऱ्हाइकाच्या टाचेखाली एकेक सरकवायची आणि बघत राहायचं. ज्या चकतीला बाई भिंतीकडे हात नेईल, तिच्या आदली तिची उंची. साडेसहा नंबरला क्लबातल्या पार्टीसाठी पाच इंच हवे होते. सातव्या चकतीलाच तिने मास्तरांचं डोकं धरलं. मास्तर म्हणाले, तीन. बाई रागावून गेल्या आणि मुंबईहून पाच इंची घेऊन आल्या. पार्टीच्या दुसऱ्या दिवशी जीपमधून पायाला पट्टी बांधून उतरल्या.  मास्तरांनी सहा चकत्या मोजून एकावर एक ठेवल्या आणि त्यांच्यासमोर सरकवल्या.

चालायचं कसं, याला मात्र त्यांचा एकच मापदंड होता, चंद्रीबाई. डोक्यावर मासळीची पाटी, मान ताठ, कंबर सैल, आणि पाऊल पडताना आधी टाच, मग सगळा तळवा. "तिच्यावानी चाला," ते प्रत्येकीला सांगत. कॉलनीतल्या बायका नाक मुरडत. चंद्रीबाईला याचा अभिमान होता, पण सँडलचा तिला तिटकारा. मास्तरांनी तिच्या पायाचं माप चोरून घेऊन एक जोड केलाही होता. तिने तो हातात फिरवून बघितला आणि परत दिला. "मी ही घातली त म्हावरा रस्त्यावर आन् मी गटारात. तुज्या साडेसहा नंबरला दे." त्यानंतरही दोघं रोज भांडत आणि दुपारी एकमेकांच्या डब्यातलं खात.

पेन्सिल हील बारीक. नुसतं लाकूड तग धरत नाही, आत पोलादाची सळई घालावी लागते. त्या सळया मास्तर एमआयडीसीतल्या एका लेथवर करून घेत. तिथला टर्नर दिलीप, पालघरचा, चांगला उंचापुरा मुलगा. सळया घेऊन तो स्वतः दुकानात यायचा. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून एकदा, मग तीनदा. लता बारावी झाली होती आणि दुपारी दुकानात बसून पट्टे शिवायची. चंद्रीबाईला पंधरा दिवसांत कळलं. मला महिन्यात. मास्तरांना दिसत होते फक्त दिलीपचे बूट. "त्या पोराचं सोल लई झिजत्यात," एवढाच निष्कर्ष त्यांनी काढला आणि त्याच्या बुटांना एकदा फुकट टाचा मारून दिल्या.

लता चार फूट दहा इंच. दुकानाच्या चौकटीवर मास्तर दर वाढदिवसाला खडूने तिच्या उंचीची रेघ मारत, आणि ती रेघ पंधराव्या वर्षापासून तिथेच होती. दोन वर्षांत तीन स्थळं आली आणि तिन्हींचं उत्तर तेच, मुलगी ठेंगणी आहे. पहिल्या दोन नकारांना लता हसली होती. तिसऱ्यानंतर एक दिवस तिने ओल्या फडक्याने चौकटीवरच्या सगळ्या रेघा पुसून टाकल्या. मास्तर तेव्हा आरी घेऊन बसले होते. त्यांनी पाहिलं आणि ते शिवत राहिले.

म्हणून दिलीपच्या घरून मध्यस्थ आला तेव्हा मास्तरांनी हातातली चप्पल बाजूला ठेवली. दिलीपने आईला सांगितलं होतं, आईची ना नव्हती, फक्त एक अट होती. मुलगी पाच फूट तरी हवी. बाई स्वतः उंच, त्यांच्या घरातली फडताळं उंच, वरचा डबा काढायला सुनेने दर वेळी स्टूल शोधायचं का, असा त्यांचा सवाल. मास्तरांनी कागदावर मुलीची माहिती लिहून दिली. नाव, शिक्षण, आणि उंची पाच फूट एक इंच.

मी ते नंतर वाचलं आणि हादरले. म्हटलं, मास्तर, हे काय लिहिलंत? ते म्हणाले, मोजताना सँडल काढा असं त्यांनी कुठं लिवलंय? आणि त्यांनी कामाला हात घातला. आयुष्यात केली नसेल अशी सँडल त्यांनी लतासाठी केली. शिसवीची टाच, बरोबर तीन इंच, डाळिंबी रंगाचे पट्टे. लताचा ओळंबा सात वेळा सोडला. बघणारे येण्याच्या आदल्या दिवशी ती फळीवर ठेवली आणि आम्हाला बोलावलं. मी तर बघतच राहिले. चंद्रीबाईनेही हात पुसून ती उचलली, उलटीपालटी केली.

"सोन्यासारखी केलीस रं," ती म्हणाली. "पन पोरगी काय चपला घालून घरात पोहे आननार हाय?"

मास्तरांचा हात जागच्या जागी थांबला. मुलगी घरात बघतात, घरात कुणी चप्पल घालत नाही, ही गोष्ट या माणसाच्या डोक्यात आलीच नव्हती. इतके ओळंबे सोडले, पण उंबरठा विसरला. आणि खरं सांगायचं तर मीही विसरले होते.

मास्तर हार मानणाऱ्यातले नव्हते. बोईसरात चपला घालून बघण्याचा कार्यक्रम करता येईल अशी एकच जागा, स्टेशनसमोरच्या उडप्याची फॅमिली रूम. मध्यस्थाला निरोप गेला की घराला रंग काढलाय. लताला आई नाही म्हणून बाईमाणूस हवं, तर मला सोबत नेलं. त्या काळी हॉटेलात मुलगी बघणं म्हणजे अगदीच नवल. दिलीपचे काका चक्रावले होते, पण मसाला डोसा आल्यावर निवळले. दिलीपची आई ताठ बसली होती. मग पडदा सरकला आणि लता आली. साडीचा काठ जमिनीला टेकलेला, मान ताठ, आधी टाच, मग तळवा. पडद्यापासून टेबलापर्यंत पाच पावलं असतील. चंद्रीबाईने डोक्यावरची पाटी उतरवून पोरीला चाल दिल्यासारखं वाटलं मला. आईच्या चेहऱ्यावर पसंती स्पष्ट दिसली. दिलीपला लताची खरी उंची चांगलीच ठाऊक होती. त्याने घाईघाईने सांबार तोंडात घातलं आणि जीभ भाजून घेतली.

सगळं पार पडलं असं वाटत होतं. इतक्यात बाई म्हणाल्या, "आता घरी जाऊ. देवापुढे साखर ठेवू." मास्तर चाचरले, घराला रंग काढलाय. बाई म्हणाल्या, साखरेला रंगाचं काय.

घर मागच्याच गल्लीत. रंगाचं काम कुठेच चाललं नव्हतं, हे सगळ्यांनी पाहिलं आणि तो विषय कुणी काढला नाही. सगळे चपला काढून आत गेले. लता उंबरठ्याबाहेर राहिली. तिने वडिलांकडे पाहिलं. ते दाराची कडी नीट करत होते, जी अजिबात बिघडलेली नव्हती. लताने एक सँडल काढली, क्षणभर वाकडी उभी राहिली, मग दुसरी काढली. आत येऊन ती दिलीपच्या आईसमोर सरळ उभी राहिली. बाईंनी जिथे मघा चेहरा होता तिथे पाहिलं, मग नजर खाली आणली.

"मी एवढीच आहे," लता म्हणाली. "वरचे तीन इंच बाबांचे आहेत."

 दिलीपने तोंड उघडलं, आईने नुसतं पाहिलं, त्याने मिटलं. बाईंनी साखर देवापुढे ठेवली, नमस्कार केला आणि "कळवतो" म्हणाल्या. 'कळवतो' म्हणजे काय हे लग्नाच्या मुलीच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. त्या बाहेर येऊन चपला घालू लागल्या. आता या क्षणी कुठल्याही बापाने गप्प बसावं की नाही? पण मास्तरांची नजर खाली, चपलेवर.

"ताई, तुमची डावी टाच दुखती न्हवं?" ते म्हणाले. "सकाळी उठल्यावर पहिली धा पावलं?"

मला त्यांना चिमटा काढावासा वाटला. बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि त्या निघून गेल्या.

दहा दिवस काहीही आलं नाही. दिलीपही आला नाही. डाळिंबी सँडल वर्तमानपत्रात गुंडाळून फळीखाली गेली. लता पट्टे शिवत होती, पण तिच्या टाक्यांत पूर्वीची घाई नव्हती. मास्तर त्याबद्दल माझ्याशी एकदाच बोलले. "पाच नंबर ताई, जन्मभर दुसऱ्याच्या बायकापोरींना उंच केलं. घरातलंच माप चुकलं." चंद्रीबाईने ऐकलं. लतासाठी दोन बोंबील पानात बांधत ती म्हणाली, "माप नाय चुकला. लिवलास ता चुकला." त्यावर मास्तरांनी होकाराची मान हलवली. 

अकराव्या दिवशी शनिवार होता, माझा अर्धा दिवस, म्हणून मी दुकानात होते. दिलीपची आई एकटीच पालघरहून आली. स्टुलावर बसली आणि चपला काढून पुढे केल्या. मास्तरांनी वर पाहिलं नाही. चपलेकडे पाहिलं आणि ओळखलं. मग ओळंबा सोडला, खडूची खूण केली, आणि जुन्या चपलेचा तळ सोडवून नवी टाच बसवायला घेतली. इंचभरच उंच, रुंद, हाडाखाली नीट आत घेतलेली, आणि जिथे दुखतं तिथे बोटभर खळगा करून त्यात मऊ लोकरी नमदा. दोन तास गेले. बाई बसून होत्या. लता आत शिवत होती आणि सुई तिच्या बोटात दोनदा गेली, ते मी पाहिलं.

बाई नव्या टाचेवर उभ्या राहिल्या. रेल्वे फाटकापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. जाताना सावध पावलं टाकत होत्या, येताना विसरल्या होत्या.

"मुलीची उंची खोटी लिहिलीत तुम्ही," त्या म्हणाल्या.

"लिवली."

"का?"

मास्तरांनी चामडं कापायची रापी खाली ठेवली. "तीनदा न्हाई म्हनून आलं. चौथ्यांदा माज्या हातात जेवडं हुतं तेवडं केलं."

 बाईंनी लताला हाक मारून जवळ उभं केलं आणि आपल्या खांद्यापासून तिच्या डोक्यापर्यंत हाताने अंतर मोजलं.

"फडताळं खाली घेता येतात," त्या म्हणाल्या.

चंद्रीबाईने त्या दिवशीची उरलेली सगळी मासळी बाईंच्या पिशवीत ओतली. बाई माळकरी निघाल्या, मासळी खात नव्हत्या, पण पिशवी त्यांनी परत केली नाही.

लग्न वैशाखात झालं. त्यानंतर महिन्याभरात माझंही ठरलं, मी नाशिकला गेले आणि बोईसर सुटलं. पुढे साच्यातल्या प्लॅस्टिकच्या टाचा आल्या, मास्तरांची पाटी उतरली, असं कुणाकडून तरी कळलं. मी त्यांना पाहिलं ते त्या लग्नातच शेवटचं. डोक्याला नवी टोपी, अनवाणी, आणि काखेत कापडात गुंडाळलेला एक पाट. लग्न लागायच्या आधी त्यांनी तो स्वतः नवरीच्या जागी ठेवला. बाकीच्या पाटांपेक्षा तो उंच होता. किती, ते मला विचारावं लागलं नाही. त्याचे मागचे दोन पाय कडेला नव्हते, थोडे आत घेतलेले होते.

दिलीपच्या काकांच्या लक्षात आलं. नवरीचा पाट नवऱ्याच्या पाटाहून उंच, हा कुठला रिवाज, बदला तो, असं ते मोठ्याने म्हणू लागले. भटजी थांबले, अंतरपाट धरणारे थांबले. मास्तर खाली मान घालून उभे राहिले. दिलीपची आई मांडव ओलांडून आली. मांडवात कसल्या चपला, पण डावं पाऊल आता बिनघोर पडत होतं. तिने वाकून पाट पाहिला, लताच्या पायांकडे पाहिलं.

"असू द्या, भावजी," ती म्हणाली. "ते वरचे तीन इंच व्याह्यांचे आहेत."

लता पाटावर चढली. मंगलाष्टकं सुरू झाली. मास्तर बाजूला उभे होते, मूठभर अक्षता हातात धरून, नजर खाली. पाटावर त्यांनी केलेल्या खडूच्या खुणेवर तिची टाच आली की नाही, हे ते बघत होते. आली होती. मग तिसऱ्या की चौथ्या 'सावधान'ला त्यांनी मान वर केली आणि मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते शेवटपर्यंत तसेच बघत राहिले. वाजंत्री वाजली, लोक जेवायला वळले, तेव्हाही त्यांच्या मुठीतल्या अक्षता मुठीतच होत्या.